हिमनदीच्या पायाखाली : ध्रुवीय बर्फ, महासागर आणि समुद्रतळ

डिसेंबर १९८३ मध्ये भारताची तिसरी अंटार्क्टिका मोहीम डॉ. हर्ष गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली गोव्याहून निघाली. या मोहिमेत प्रथमच दोन भारतीय महिला शास्त्रज्ञांचा समावेश होता. नागपुरात जन्मलेल्या आणि पुणे विद्यापीठात शिकलेल्या डॉ. अदिती पंत या गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत कार्यरत होत्या. त्यांचा विषय होता समुद्र. जाधवपूर विद्यापीठाच्या डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या भूवैज्ञानिक. त्यांचा विषय होता खडक. एकीने पाण्याचा अभ्यास केला, दुसरीने दगडाचा. ध्रुवीय बर्फाचे भवितव्य समजून घ्यायचे असेल, तर या दोन्ही विद्या एकत्र आणाव्या लागतात, हे विज्ञानाला पुढील काही दशकांत अधिकाधिक स्पष्ट होत गेले. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

त्याच मोहिमेत 'दक्षिण गंगोत्री' हे भारताचे अंटार्क्टिकावरील पहिले संशोधन केंद्र उभे राहिले. ते जमिनीवर नव्हते. ते बर्फाच्या एका प्रचंड तरंगत्या पठारावर होते आणि त्या पठाराखाली समुद्र होता. वर्षामागून वर्षे बर्फ साचत गेला, केंद्र हळूहळू गाडले गेले आणि १९९० च्या सुमारास ते सोडून द्यावे लागले. दरम्यान १९८९ मध्ये 'मैत्री' हे दुसरे केंद्र शिरमाखर टेकड्यांच्या उघड्या खडकावर बांधण्यात आले. ते आजही वापरात आहे. एक केंद्र पाण्यावरच्या बर्फावर आणि दुसरे खडकावर, एवढाच हा फरक. पण आपल्या खाली नेमके काय आहे, हा प्रश्न केवळ इमारतीला लागू पडतो असे नाही. तो संपूर्ण हिमनदीलाही लागू पडतो.

काही शब्दांची ओळख

विषयात शिरण्यापूर्वी चार शब्द नीट समजून घेऊ, कारण वृत्तपत्रांत या सर्वांना सरसकट 'बर्फ' असे म्हटले जाते आणि त्यातून गैरसमज निर्माण होतात.

समुद्राचे पाणी थंडीने गोठून पृष्ठभागावर जो एक-दोन मीटर जाडीचा थर तयार होतो, तो सागरी बर्फ. हजारो वर्षे पडलेला हिम दाबला जाऊन जमिनीवर जो अवाढव्य थर साचतो, तो हिमस्तर. अंटार्क्टिकाचा हिमस्तर सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या चौपटीहून अधिक क्षेत्र व्यापतो आणि त्याची सरासरी जाडी दोन किलोमीटरच्या आसपास आहे. हा बर्फ स्थिर नसतो. ताटात ओतलेली काकवी जशी स्वतःच्याच वजनाने कडेकडे सरकते, तसा तोही सावकाश समुद्राकडे वाहत असतो. त्याचे जे प्रवाह वेगाने वाहतात, त्या हिमनद्या. हिमनदी किनाऱ्यावर पोहोचली की पुढे पाण्यावर तरंगू लागते. जमिनीवरील बर्फाशी अखंड जोडलेल्या अशा तरंगत्या भागाला आपण हिममंच म्हणू. दक्षिण गंगोत्री केंद्र अशाच हिममंचावर होते.

पाचवा शब्द या लेखाचा गाभा आहे. हिमनदी ज्या रेषेवर तळ सोडते आणि तरंगू लागते, ती भूस्पर्शरेषा. 'भूमिस्पर्श' हा शब्द आपल्या वाचकांना बुद्धमूर्तीच्या मुद्रेवरून परिचित आहेच. हिमनदीचा भूमिस्पर्श जेथे सुटतो, तेथे बर्फ, पाणी आणि खडक या तिघांची गाठ पडते. हिमनदीचे भवितव्य मुख्यतः या जागी ठरते. ही जागा शेकडो मीटर जाडीच्या बर्फाखाली, पूर्ण अंधारात असते. त्यामुळे दीर्घकाळ ती कोणालाच पाहता आली नव्हती.

करून पाहा

घरी दोन पेले घ्यावेत. पहिल्यात पाणी आणि त्यावर तरंगणारे बर्फाचे खडे ठेवून पातळीवर खूण करावी. दुसऱ्यात तेवढेच पाणी घेऊन पेल्यावर चहाची गाळणी ठेवावी, त्या गाळणीत तेवढेच खडे ठेवावेत आणि पातळीवर खूण करावी. बर्फ वितळल्यावर पहिल्या पेल्यातील पातळी जवळजवळ जागच्या जागी राहते, दुसऱ्यातील वाढते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. तरंगणारा हिममंच वितळला तरी समुद्राची पातळी जवळपास वाढत नाही, कारण त्याच्या वजनाएवढे पाणी त्याने आधीच बाजूला सारलेले असते. पातळी वाढते ती जमिनीला टेकलेला बर्फ समुद्रात आल्यामुळे. मग हिममंचाची चिंता का करावी? याचे उत्तर असे की हिममंच हा टेकू आहे. तो खाडीच्या दोन्ही कडांना घासत आणि समुद्रतळावरील उंचवट्यांना अडत उभा असतो. त्यामुळे मागच्या हिमनदीचा लोंढा रोखला जातो. डोंगरउतारावरील घराला बांधलेली पुस्त्याची भिंत स्वतः घराचा भाग नसते, पण ती पडली की घर सरकू लागते. हिममंचाचेही तसेच आहे.

याचा प्रत्यय २००२ मध्ये आला. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पूर्वेस असलेला 'लार्सन बी' हा हिममंच अवघ्या पाच आठवड्यांत फुटून विखुरला. सुमारे ३,२५० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या पाचपटीहून मोठे क्षेत्र नाहीसे झाले. त्या फुटण्यामागे मुख्यतः उबदार हवेने पृष्ठभागावर साचलेले पाणी होते. पण त्यानंतर जे घडले ते महत्त्वाचे. मागच्या हिमनद्यांचा टेकू गेला आणि त्यांचा वेग काही पटींनी वाढला.

तळाशी उबदार पाणी

आपल्या अरबी समुद्रात वरचे पाणी उबदार आणि खालचे थंड असते. ध्रुवांजवळ अनेक ठिकाणी याच्या उलट स्थिती आढळते. तेथील पृष्ठभागाचे पाणी अतिशय थंड, पण कमी खारट, म्हणून हलके; तर त्याखाली काहीशे मीटरवर दूरच्या महासागरांतून आलेले, अधिक उबदार परंतु अधिक खारट, म्हणून जड पाणी असते. क्षारतेमुळे ते बुडून राहते. अंटार्क्टिकाभोवती फिरणारे हे खोल पाणी पश्चिमेकडील अमुंडसेन समुद्रात शून्याच्या वर सुमारे १ अंश सेल्सिअस असते.

एक अंश म्हणजे काय? नाशिकच्या थंडीतही आपण याला उबदार म्हणणार नाही. परंतु येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली, मिठाची. हाताने फिरवण्याच्या आइस्क्रीमच्या भांड्याभोवती बर्फात मीठ घालतात ते सर्वांनी पाहिले आहे. मिठाने गोठणबिंदू खाली येतो. समुद्राचे पाणी शून्याऐवजी उणे १.९ अंशांच्या सुमारास गोठते. दुसरी, दाबाची. खोली वाढते तसा गोठणबिंदू आणखी खाली जातो. एक किलोमीटर खोलीवर तो उणे २.६ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे त्या खोलीवरील बर्फाच्या दृष्टीने १ अंशाचे पाणी साडेतीन अंशांनी अधिक उष्ण ठरते. शिवाय पाणी हवेच्या तुलनेत कितीतरी अधिक उष्णता वाहून आणते. अशा पाण्यामुळे हिममंचाचा तळ वर्षाला अनेक मीटर, काही ठिकाणी दहा-वीस मीटरहूनही अधिक झिजतो.

हे झिजणे आपोआप चालू राहते. वितळलेले गोडे पाणी हलके असल्याने बर्फाच्या तळाला चिकटून वर चढते. त्याची जागा घेण्यासाठी खालून नवे उबदार पाणी ओढले जाते. जणू बर्फ स्वतःच आपल्याकडे उष्णतेचा उपसा करून घेतो. ग्रीनलंडसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात हिमनदीच्या पृष्ठभागावरील पाणी भेगांतून तळाशी उतरते आणि समुद्रात बाहेर पडते. त्यामुळे हा उपसा आणखी जोरदार होतो.

उंबरा आणि आतली फरशी

मग सर्वच हिमनद्या सारख्या वेगाने का झिजत नाहीत? येथे समुद्रतळाची भूमिका सुरू होते.

गोदाकाठच्या सराफ बाजारातील आणि भांडी बाजारातील दुकानदारांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. पूर येतो तेव्हा पाणी प्रथम दुकानाच्या उंबऱ्याशी थांबते. उंबरा चार बोटे उंच असला तर दुकान वाचते; पाणी त्याहून चार बोटे चढले की आत शिरते. आणि दुकानाची फरशी रस्त्यापेक्षा खोल असेल, तर एकदा आत आलेले पाणी मागच्या भिंतीपर्यंत जाऊन साचते.

समुद्रतळाचे हेच दोन गुण हिमनदीच्या दृष्टीने निर्णायक ठरतात. पहिला गुण उंबऱ्याचा. शालेय भूगोलात आपण ज्याला समुद्रबूड जमीन किंवा भूखंडमंच म्हणतो, तो ध्रुवांजवळ सपाट नाही. पूर्वीच्या हिमयुगांत हिमनद्यांनी त्यात खोल घळी कोरल्या आहेत. अशी घळ असेल तर खोलावरचे उबदार पाणी तिच्यातून थेट हिमनदीच्या पायथ्यापर्यंत पोहोचते. वाटेत उंच कटक असेल तर तो उंबऱ्यासारखा त्याला अडवतो. मैत्री केंद्राच्या परिसरात आज तरी पूर्वेकडून वाहणारे वारे थंड पाणी किनाऱ्याशी दाबून धरतात आणि उबदार थर भूखंडमंचाच्या कडेखाली राहतो. त्यामुळे तेथील हिममंच तुलनेने सुरक्षित आहेत. अमुंडसेन समुद्रात मात्र वारे वेगळे आणि घळी खोल. तेथे पाण्याला वाट मोकळी सापडते.

दुसरा गुण आतल्या फरशीचा. पश्चिम अंटार्क्टिकाचा बराचसा हिमस्तर समुद्रसपाटीच्या खाली असलेल्या जमिनीवर बसलेला आहे आणि अनेक ठिकाणी किनाऱ्यापासून आत जावे तसा तळ अधिक खोल होत जातो. बर्फ पाण्यापेक्षा हलका असल्याने तळाला टेकून राहण्यासाठी त्याला पुरेसे वजन लागते. पाण्याची खोली ९०० मीटर असेल, तर बर्फ १,००० मीटरहून थोडा अधिक जाड असला तरच तो तळाला टेकून राहतो. त्याहून पातळ झाला की तरंगतो. आता समजा, उबदार पाण्याने तळ झिजला, बर्फ पातळ झाला आणि भूस्पर्शरेषा मागे सरकली. आत तळ खोल असल्याने नवी भूस्पर्शरेषा अधिक जाड बर्फाखाली येते. बर्फ जितका जाड, तितका तो त्या रेषेवरून वेगाने बाहेर वाहतो. वाहिल्याने तो पुन्हा पातळ होतो आणि रेषा आणखी मागे जाते. ही साखळी एकदा सुरू झाली की पुढे पाण्याने फारसे काही केले नाही, तरी काही अंतरापर्यंत ती स्वतःच्या बळावर चालू शकते. तळ पुन्हा वर चढू लागला, किंवा वाटेत एखादा कटक लागला, तरच ती थांबते.

हा धोका आज सुचलेला नाही. १९७४ मध्ये हिमशास्त्रज्ञ हान्स वीर्टमन यांनी उलट उतारावरील हिमस्तराच्या अस्थैर्याचे गणित मांडले. १९७८ मध्ये जॉन मर्सर यांनी पश्चिम अंटार्क्टिकाचा हिमस्तर वातावरणातील कार्बन डायऑक्साइडच्या वाढीमुळे ढासळू शकतो, असा इशारा 'नेचर' नियतकालिकात दिला. म्हणजे दक्षिण गंगोत्री उभारण्याच्या आधीच हे सूत्र मांडले गेले होते. नव्हती ती बर्फाखालची प्रत्यक्ष मोजमापे.

अंधारातील मोजमापे

ती हळूहळू मिळू लागली. २००९ मध्ये 'ऑटोसब' नावाचे मानवरहित पाणबुडे यान अमुंडसेन समुद्रातील पाइन आयलंड हिमनदीच्या हिममंचाखाली शिरले. तेथे त्याला सुमारे ३०० मीटर उंचीचा एक कटक आढळला. हिमनदी पूर्वी या कटकाला टेकून होती. १९७० च्या दशकापर्यंत ती त्यावरून सुटली होती. उंबरा सुटला आणि त्यामागील खोल पोकळीत उबदार पाणी शिरले. त्यानंतर हिमनदी वेगाने पातळ होत गेली.

तिच्या शेजारची थ्वेट्स हिमनदी आज जगाच्या सर्वाधिक लक्षात आहे. तिचे क्षेत्र सुमारे १,९२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ दोन-तृतीयांश इतके आहे. ती पूर्णपणे समुद्रात आली तर जगभरच्या समुद्राची पातळी सुमारे ६५ सेंटिमीटरने वाढेल. २०१९ मध्ये 'रान' नावाच्या यानाने तिच्या समोरील समुद्रतळाचे चित्रण केले. तळावरील गाळात १६० हून अधिक समांतर वळ्या आढळल्या. भरतीबरोबर बर्फ उचलला जाई आणि ओहोटीबरोबर पुन्हा गाळात टेके. दररोज एक वळी उमटत गेली. माहूतासमोर हत्तीने रोज एक पाऊल मागे टाकावे आणि ओल्या मातीत ठसे राहावेत, तसे हे चित्र होते. वळ्यांचे अंतर मोजल्यावर असे दिसून आले की गेल्या दोनशे वर्षांत केव्हातरी, साडेपाच महिन्यांहून कमी काळात, ही हिमनदी वर्षाला २.१ किलोमीटरहून अधिक या वेगाने मागे हटली होती. उपग्रहांनी २०११ ते २०१९ या काळात टिपलेल्या वेगाच्या हा दुप्पट होता. समुद्रतळाच्या चिखलात हिमनदीची रोजनिशी लिहिलेली सापडली, असेच म्हणावे लागेल. 'रान' यानाचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. २०२४ मध्ये ते डॉटसन हिममंचाखाली गेले, ते परत आले नाही. ही मोजमापे किती कष्टाची आहेत हे त्यावरून कळते.

२०२० मध्ये शास्त्रज्ञांनी थ्वेट्सच्या भूस्पर्शरेषेजवळ सुमारे ६०० मीटर बर्फ गरम पाण्याने भेदून 'आइसफिन' हे यान खाली सोडले. तेथे बर्फाचा तळ जिथे सपाट होता, तिथे झिजण्याचा वेग अपेक्षेपेक्षा कमी निघाला, कारण गोड्या पाण्याचा पातळ थर बर्फाला आच्छादून होता. परंतु भेगांमध्ये आणि पायऱ्यांसारख्या उभ्या कडांवर झीज फार वेगाने होत होती. म्हणजे सरासरी आकडा दिलासा देतो, पण इमारत पडते ती भेगांमुळे.

येथे आणखी एक बाब नोंदवणे न्याय्य ठरेल. समुद्र आणि तळ नेहमीच बर्फाच्या विरोधात जातात असे नाही. ग्रीनलंडच्या याकोब्सहावन हिमनदीपुढील समुद्रात १९९७ च्या सुमारास उबदार पाणी आले आणि काही वर्षांतच तिचा वेग जवळजवळ दुप्पट झाला. परंतु २०१६ पासून तेथे पुन्हा थंड पाणी आले, तशी ती मंदावली आणि तिची कड काही काळ जाडही झाली. तसेच बर्फाचे ओझे कमी झाले की दबलेली जमीन वर उचलली जाते. अमुंडसेन समुद्राच्या किनाऱ्यावर ती वर्षाला सुमारे ४ सेंटिमीटर इतक्या वेगाने वर येत असल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. तळ वर आला तर हिमनदीला पुन्हा टेकू मिळू शकतो. कारणे बदलली की परिणाम बदलतात. म्हणूनच 'आता सर्व संपले' असे म्हणणेही अशास्त्रीय आहे आणि 'काहीच होत नाही' असे म्हणणेही.

गोव्यातून उत्तर ध्रुवाकडे

भारताचे ध्रुवीय संशोधन गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालते. याच केंद्राच्या वतीने जुलै २००८ मध्ये नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातील नी-ओलेसुन येथे 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र सुरू झाले. उत्तर ध्रुवापासून ते सुमारे १,२०० किलोमीटरवर आहे. त्याच्या समोरच्या कोंग्सफ्योर्ड या खाडीत २३ जुलै २०१४ रोजी 'इंडआर्क' ही भारतीय वेधयंत्रणा सुमारे १९० मीटर खोलीवर नांगरण्यात आली. एका दोरावर ओवलेली उपकरणे वर्षभर, ध्रुवीय रात्रीच्या काळोखातही, पाण्याचे तापमान, क्षारता आणि प्रवाह नोंदवतात.

ही खाडी निवडण्यामागे कारण आहे. तिच्या मुखाशी उंच उंबरा नाही. समुद्रतळावरील एक घळ तिला बाहेरच्या समुद्राशी जोडते आणि अटलांटिकचे उबदार पाणी त्या वाटेने आत येते. २००५-०६ च्या हिवाळ्यापासून अशा पाण्याचा शिरकाव ठळकपणे वाढला आणि खाडीत हिवाळ्यात गोठणारा सागरी बर्फ लक्षणीयरीत्या घटला. खाडीच्या टोकाला असलेल्या क्रोनेब्रेनसारख्या हिमनद्या मागे हटत आहेत. याच खाडीत ब्लूमस्ट्रांडहाल्वोया नावाचा भूभाग आहे; नॉर्वेजियन भाषेत 'हाल्वोया' म्हणजे द्वीपकल्प. ब्लूमस्ट्रांड हिमनदी मागे सरली तेव्हा असे उघड झाले की ज्याला लोक द्वीपकल्प समजत होते ते बेट होते. त्याला किनाऱ्याशी जोडणारा पूल जमिनीचा नव्हता, बर्फाचा होता. नाव मात्र तेच राहिले आहे.

त्र्यंबकापासून समुद्रापर्यंत

समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेल्या आपल्या जिल्ह्याने हे का वाचावे, असा प्रश्न कोणाच्या मनात आल्यास तो रास्त आहे.

गोदावरीचा पूर आपण दुतोंड्या मारुतीवरून मोजतो. पाणी कमरेपर्यंत आले की गळ्यापर्यंत, यावरून गावाला इशारा मिळतो. समुद्रासाठीही अशी खूण मुंबईत आहे. अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्रपातळीच्या नोंदी ठेवल्या गेल्या आहेत. जगभरच्या अशा नोंदींवरून आणि उपग्रहांवरून असे दिसते की १९०१ ते २०१८ या काळात समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. २००६ ते २०१८ या काळात ती वर्षाला सुमारे ३.७ मिलिमीटर या वेगाने वाढत होती. आंतरराष्ट्रीय हवामान बदल समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार, उत्सर्जन किती राहते यावर अवलंबून, या शतकाअखेर ही वाढ साधारण ०.२८ ते १.०१ मीटर होण्याची शक्यता आहे. हिमस्तरांच्या ढासळण्याची प्रक्रिया पूर्ण उलगडलेली नसल्याने दोन मीटरच्या जवळपासची वाढही त्या अहवालाने अशक्य कोटीत टाकलेली नाही. हा फरक मुख्यतः बर्फाखालच्या त्या अंधाऱ्या रेषेवर अवलंबून आहे.

एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. अंटार्क्टिकाचा हिमस्तर इतका अवाढव्य आहे की त्याच्या गुरुत्वाकर्षणाने तो भोवतालचे समुद्राचे पाणी स्वतःकडे ओढून धरतो. बर्फ घटला की ही ओढ कमी होते. त्यामुळे त्याच्या जवळ पातळी उलट खाली जाते आणि दूरवर ती सरासरीपेक्षा अधिक वाढते. आपण त्या 'दूरवर'च्या भागात आहोत.

मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि भरतीमुळे पाण्याला समुद्राकडे वाट मिळणे कठीण झाले. समुद्राची पातळी काही सेंटिमीटरने चढली की असे अडलेले तास वाढतात. रायगडच्या खारेपाटात उधाणाचे पाणी खारबंधारे ओलांडून भातशेतीत शिरले की ती जमीन काही हंगाम नापीक होते. त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली आपली गोदावरी १,४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते, तेथील त्रिभुज प्रदेशही सखल आहे. नाशिकच्या किती घरांतील मुले-मुली आज मुंबई, ठाणे, नवी मुंबई येथे नोकरीसाठी राहतात! त्यांतील काहींना खाडीकाठची, सखल, स्वस्त भाड्याची जागाच परवडते. पाणी चढते तेव्हा प्रथम याच जागांत शिरते. म्हणून हा प्रश्न भूगोलाचा जितका, तितकाच न्यायाचाही आहे.

वाचकांसाठी तीन प्रश्न

वातावरणात आपण साठवलेल्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता महासागरांनी शोषून घेतली आहे. तिचा परिणाम लगेच दिसत नाही. खोल पाणी सावकाश फिरते, हिमनदी सावकाश हलते. आज केलेल्या कृतीचे फळ अनेक दशकांनी समोर येते. उत्सर्जन कमी करणे म्हणजे पुढील पिढीच्या दाराशी येणाऱ्या पाण्याचा वेग कमी करणे होय; आणि तो वेग कमी झाला तर बंधारे, निचरा आणि पुनर्वसन यांसाठी समाजाला वेळ मिळतो.

यापुढे ध्रुवावर हिमनग तुटल्याची बातमी वाचनात येईल, तेव्हा पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी मुलांसोबत तीन प्रश्न विचारावेत. तुटलेला बर्फ आधीपासून तरंगत होता का? तो मागच्या हिमनदीला टेकू देत होता का? आणि त्या हिमनदीच्या पायाशी पाणी कसे आहे, तळाचा उतार कोणत्या बाजूला आहे? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली तर बातमी किती गंभीर आहे हे कोणाही सुशिक्षित व्यक्तीला स्वतः ठरवता येईल. त्यासाठी भीतीही लागणार नाही आणि बेफिकिरीही उरणार नाही.

अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रतळाचा मोठा भाग आजही तपशीलवार मोजला गेलेला नाही. जहाजे, याने, उपग्रह, इतकेच काय, डोक्यावर छोटी उपकरणे बसवलेले हत्ती-सील मासे पकडण्यासाठी बुडी घेताना जी मोजमापे आणतात, ती सर्व एकत्र करून नकाशा पुरा करण्याचे काम चालू आहे. नागपुरात जन्मलेली आणि पुण्यात शिकलेली एक मुलगी १९८३ मध्ये त्या समुद्रापर्यंत पोहोचली. आपल्या वसतिगृहात आज भूगोलाचे पुस्तक उघडून बसलेल्या मुलामुलींसाठी भौतिकशास्त्र, भूविज्ञान आणि समुद्रविज्ञान या तिन्ही वाटा खुल्या आहेत. गोव्याची ती संस्था नाशिकपासून एका रात्रीच्या प्रवासाच्या अंतरावर आहे.